छातीत पू झालेल्या रुग्णांवर चाचण्या घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फुप्फुसावरणाच्या जंतुसंसर्गावर संशोधन करणारे डॉक्टर, त्याला निधी देणाऱ्या संस्था, नैतिकता समित्या आणि मार्गदर्शक सूचना लिहिणारे तज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी छातीरोगाच्या वॉर्डात काम करणारी परिचारिका आहे. न्यूमोनियात फुप्फुसाभोवती पाणी साठते, त्या पाण्यात जंतू शिरतात, पाण्याचा पू होतो आणि मग बरगड्यांमधून नळी टाकावी लागते. नळी टाकतात डॉक्टर, पण पुढचे दिवस आणि विशेषतः रात्री ती सांभाळतो आम्ही. तुमच्या चाचण्यांतली औषधेही त्याच नळीतून, आमच्याच हातांनी आत जातात. म्हणून तुमचे शोधनिबंध आम्हीही वाचतो, आणि ते वाचूनच हे पत्र लिहिते आहे. मागणी एकच आहे. पुढच्या मोठ्या चाचणीचे मुख्य मोजमाप ठरवताना एक्स-रेवरची सावली बाजूला ठेवा. रुग्ण जगला का, त्याचे ऑपरेशन टळले का, त्याला किती दुखले आणि तो आपल्या कामाला कधी लागला, हे मोजा. आणि ते मोजता येईल इतके रुग्ण चाचणीत घ्या.

या आजारात योग्य गोष्ट मोजली की काय होते, याचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. 1918 साली इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत तरुण शिपायांना न्यूमोनिया होत होता, पाठोपाठ छातीत पू होत होता. पाणी दिसले की लगेच छाती उघडायची, असा तेव्हाचा शिरस्ता होता. सैन्याने त्यासाठी एक आयोग नेमला. एव्हार्ट्स ग्रॅहम हे शल्यचिकित्सक त्यात होते. त्यांनी मृत्यू मोजले. सरासरी 30 टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत होते आणि त्यामागे पुवापेक्षा घाईचा हात मोठा होता. फुप्फुस छातीच्या भिंतीला अजून चिकटलेले नसताना छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस मिटते आणि आधीच धाप लागलेला रुग्ण गुदमरतो. आयोगाने तीन गोष्टी सांगितल्या. सुरुवातीच्या दिवसांत छाती उघडी टाकू नका, पाणी बंद पद्धतीने काढा. पुवाची पोकळी लवकर स्वच्छ होऊन मिटेल असे पाहा. आणि रुग्णाच्या पोषणाकडे नीट लक्ष द्या. मृत्यूचे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आले. हाताशी अँटिबायोटिक नव्हते, सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हता. नळीचे तोंड बाटलीतल्या पाण्याखाली ठेवायची युक्ती मात्र होती. ती जर्मनीतल्या गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी 19व्या शतकातच रूढ केली होती, आणि आमच्या वॉर्डातल्या बाटल्या आजही त्याच तत्त्वावर चालतात.

त्या तीन सूचनांपैकी तिसरी लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

नळी टाकूनही पू नीट निघत नाही याची कारणे दोन. एक म्हणजे फायब्रिन, रक्त गोठताना जाळे विणणारे प्रथिन. संसर्ग झालेल्या पाण्यात त्याचे धागे विणले जातात आणि सोनोग्राफीत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसू लागतात. नळी एका कप्प्यात असते, पू शेजारच्या चार कप्प्यांत. दुसरे कारण पुवाचा घट्टपणा. मेलेल्या पेशींचा डीएनए त्यात सुटा पडलेला असतो, त्याने पू चिकट होतो. 1949 मध्ये टिलेट आणि शेरी यांनी स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून काढलेले एक द्रावण छातीत सोडून पाहिले. त्यात फायब्रिन विरघळवणारा घटक होता आणि डीएनए तोडणाराही. म्हणजे दोन्ही अडचणींवर एकाच वेळी उपाय. पुढे औषध शुद्ध होत गेले, त्यातला फायब्रिन विरघळवणारा एकच घटक उरला, आणि कित्येक वर्षे जगभरच्या वॉर्डांत नुसते स्ट्रेप्टोकायनेज छातीत सोडले गेले. छोट्या छोट्या अभ्यासांत ते गुणकारी दिसत होते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत 24 रुग्ण होते, त्यातही निकाल चांगला आला. पाणी जास्त निघत होते, एक्स-रे साफ दिसत होता.

मग ब्रिटनमध्ये मिस्ट-1 ही चाचणी झाली. तिचा निकाल 2005 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण 454. तिने प्रश्न थेट विचारला होता, की तीन महिन्यांत किती रुग्ण मरण पावले किंवा किती जणांना पू काढण्यासाठी ऑपरेशन लागले? स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्यांत 31 टक्के, नुसते सलाईन दिलेल्यांत 27 टक्के. औषधाचा उपयोग शून्य. उलट छातीत दुखणे, ताप, ॲलर्जी असे गंभीर त्रास औषधाच्या गटात थोडे जास्तच. एवढी वर्षे आम्ही जे नळीतून सोडत होतो त्याने कुणाचे मरण टळत नव्हते आणि कुणाचे ऑपरेशनही टळत नव्हते. ही चाचणी घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. निकाल निराशाजनक होता, पण प्रश्न रुग्णाच्या बाजूने विचारलेला होता आणि उत्तर पक्के मिळाले.

2011 साली मिस्ट-2 आली. या वेळी फायब्रिन तोडणारे टीपीए आणि डीएनए तोडणारे डीएनेज ही दोन औषधे होती. रुग्ण 210, चार गट: दोन्ही औषधे, नुसते टीपीए, नुसते डीएनेज आणि दोन्हींपैकी काहीच नाही, म्हणजे औषध नसलेले दिखाऊ द्रावण. मुख्य मोजमाप होते, पहिल्या दिवसाच्या तुलनेत सातव्या दिवशी एक्स-रेवर त्या बाजूच्या छातीतली सावली किती टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही औषधांच्या गटात ती 29.5 टक्क्यांनी कमी झाली, काहीच न दिलेल्यांत 17.2 टक्क्यांनी. एकेकट्या औषधाने काही साधले नाही. 1949 साली टिलेट आणि शेरी यांच्या द्रावणात जी जोडी होती, ती साठ वर्षांनी अशी परत आली.

ऑपरेशनसाठी पाठवावे लागण्याचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आले, हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात ऐकू येते. टक्केवारीच्या मागची माणसे मोजा. दोन्ही औषधे मिळालेल्या 48 जणांपैकी 2, आणि काहीच न मिळालेल्या 51 जणांपैकी 8. फरक सहा माणसांचा. नुसते डीएनेज मिळालेल्या 46 पैकी 18 जणांना ऑपरेशनसाठी पाठवावे लागले, काहीच न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात. याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही. मृत्यूत फरक दिसला नाही, आणि एवढ्या रुग्णांत तो दिसणे शक्यही नव्हते. रुग्णालयातला मुक्काम सरासरी 6.7 दिवसांनी कमी झाला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मी नाकारत नाही. चाचणी काटेकोर होती. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णाला कळत नव्हते, डॉक्टरलाही कळत नव्हते. माझी तक्रार त्या चाचणीबद्दल नाहीच. तक्रार आहे ती नंतरच्या काळाबद्दल. सावली मोजणारी 210 जणांची चाचणी पुढच्या मोठ्या चाचणीची पायरी व्हायला हवी होती. जगाने तिला मुक्काम केले. दोन्ही औषधे नेहमीच्या उपचारात आली, आणि मिस्ट-1 ने विचारलेला मरणाचा प्रश्न तेवढ्या ताकदीने परत विचारला गेला नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मिस्ट-3 मध्ये लवकर दुर्बिणीने ऑपरेशन, लवकर ही दोन औषधे आणि नेहमीचा उपचार यांची तुलना होती. नेमका हवा तो प्रश्न. पण रुग्ण 60, आणि हेतू एवढाच, की अशी चाचणी घेणे जमेल का हे पाहणे.

आता हे उपचार खाटेपाशी कसे दिसतात ते सांगते, कारण शोधनिबंधात ते एका ओळीत उरकलेले असते. 'दिवसातून दोनदा, तीन दिवस.' मूळ पद्धतीनुसार टीपीए सोडायचे, नळी एक तास बंद ठेवायची, उघडायची. मग डीएनेज सोडायचे, पुन्हा एक तास बंद. म्हणजे तीन दिवसांत बारा वेळा औषध आत जाते आणि बारा तास नळी बंद राहते. बरगड्यांच्या आतला पडदा सुजलेला असतो, शरीरात इतकी हुळहुळी जागा दुसरी क्वचितच असेल. औषध आत गेले की काही रुग्ण नुसते डोळे मिटून घेतात. काही खाटेचा कठडा धरतात. वेदनाशामक आधीच दिले असेल तर बरे, नाहीतर ते चढेपर्यंतचा वेळ फार लांब असतो. त्या तासात रुग्ण त्या कुशीवर वळू शकत नाही, खोकला आला तर दाबून धरतो. दम वाढला तर चिमटा लगेच काढायचा असतो, म्हणून आमच्यापैकी एकीला जवळपास राहावे लागते. तास झाला की चिमटा काढायचा. मग नळीतून गढूळ, तांबूस पाणी धावत येते, बाटलीतली पातळी वर चढते आणि रुग्णाच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. हे मी औषधाच्या विरोधात सांगत नाही. पाणी असे धावत येताना पाहण्याचा आनंद आम्हालाही होतो. पण सहाव्या फेरीला तोच रुग्ण विचारतो, 'सिस्टर, अजून किती?', तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर कुठल्या तक्त्यात असते? निबंधात रक्तस्राव मोजलेला असतो आणि तो मोजायलाच हवा. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुकेंद्री आढाव्यात तो साधारण 4 टक्के रुग्णांत झाल्याचे दिसले, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांत धोका जास्त. वेदना मात्र बहुतेक वेळा मोजमापांच्या यादीत खाली कुठेतरी असते.

फेऱ्यांच्या वेळापत्रकाबद्दलही एक सांगायचे आहे. पुढे बऱ्याच ठिकाणी दोन्ही औषधे लागोपाठ सोडून नळी एकदाच बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. रुग्णाचा त्रास आणि आमचे तास दोन्ही वाचतात. पण हा बदल निरीक्षणांच्या आधारावर झाला, दोन गट समोरासमोर ठेवून नाही. डोसचेही तेच. ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने टीपीएचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅम केला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 61 रुग्णांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जण ऑपरेशनशिवाय बरे झाले. फार आशा वाटावी असा निकाल, पण तुलनेला दुसरा गट नाही. अर्ध्या डोसने निभावत असेल तर रक्तस्रावाचा धोका कमी होईल, औषध दुप्पट रुग्णांना पुरेल. हे चाचणीने सिद्ध करून दाखवणे तुमचे काम आहे. आम्ही ते आपल्याच मनाने करू लागलो तर उद्या पुन्हा स्ट्रेप्टोकायनेजसारखेच व्हायचे.

वेदना मोजली की काय बदलते, याचा दाखला तुमच्याच घरचा आहे. नळी किती जाड असावी यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर होते. पू घट्ट, म्हणून नळी जाड. मिस्ट-1 च्या माहितीतून 2010 साली वेगळा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारीक नळी आणि जाड नळी यांत मृत्यू किंवा ऑपरेशनचा फरक दिसला नाही. वेदना मात्र जाड नळीत जास्त. कुणीतरी वेदनेचे आकडे लिहून ठेवले होते म्हणून हे कळले. त्यानंतर सुरुवातीला बारीक नळीच टाकावी असे मार्गदर्शक सूचनांत आले. बारीक नळी लवकर तुंबते हे खरे. म्हणून दर सहा तासांनी 20 ते 30 मिलिलिटर सलाईन सोडून ती मोकळी ठेवावी लागते. थ्री-वेचा, म्हणजे नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीचा, खटका चुकीच्या दिशेला राहिला तर बाटलीतल्या पाण्याची पातळी हलायची थांबते आणि फुप्फुस फुलले की नळी तुंबली, असा घोळ होतो. पण हे शिकता येते, आणि शिकलो आम्ही. आज जो रुग्ण नळीसह कुशीवर झोपू शकतो, तो त्या वेदनेच्या आकड्यांमुळे.

सलाईनवरून आठवले. 2015 साली 35 रुग्णांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. दिवसातून तीन वेळा 250 मिलिलिटर सलाईन नळीतून छातीत सोडायचे आणि बाहेर येऊ द्यायचे, तीन दिवस. सीटी स्कॅनवर साठा सरासरी 32 टक्क्यांनी कमी झाला, नेहमीच्या उपचारात 15 टक्क्यांनी. ऑपरेशनसाठी पाठवावे लागलेलेही कमी. सलाईन सगळीकडे असते, त्याने रक्तस्राव होत नाही, ते सोडायला आम्हाला नवे काही शिकावे लागत नाही. म्हणून पुढच्या मोठ्या चाचणीत सलाईनचा गट असायलाच हवा, आणि तो टीपीए-डीएनेजच्या गटासमोर सरळ उभा असायला हवा. ज्या उपायामागे कुणा उत्पादकाचा फायदा नाही, तो तपासायला सार्वजनिक निधीच पुढे यावा लागतो. निधी देणाऱ्या संस्थांना हे माझे वेगळे सांगणे.

आता मूळ मुद्दा, मृत्यूचा. तुम्ही म्हणाल, मृत्यू मोजायचा तर हजारो रुग्ण लागतील. बरोबर आहे. तीन महिन्यांतले मृत्यू 10 टक्क्यांवरून 7 वर आले का, हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांवर, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के ठेवून, पाहायचे तर प्रत्येक गटात सुमारे 1,350 रुग्ण लागतात. पण यावर मार्ग तुमच्याच संशोधनाने दाखवला आहे. 'रॅपिड' गुणांक पाच गोष्टींवर ठरतो: रक्तातला युरिया, वय, पाणी पुवासारखे आहे की नाही, संसर्ग घरी झाला की रुग्णालयात, आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या पायलट या अभ्यासात 546 रुग्णांवर तो पडताळून पाहिला गेला. तीन महिन्यांत कमी धोक्याच्या गटात 2.3 टक्के मृत्यू, मध्यम गटात 9.2 टक्के आणि जास्त धोक्याच्या गटात 29.3 टक्के. वर्षभरात एकूण रुग्णांपैकी 19 टक्के गेले. दाखल झाल्या दिवशी, साध्या रक्ततपासणीवर, कोण जाणार याचा एवढा स्पष्ट अंदाज येतो.

मग त्या जास्त धोक्याच्या रुग्णांनाच चाचणीत घ्या. 30 टक्के मृत्यू 20 वर आणता येतात का, हे त्याच निकषांवर पाहायला प्रत्येक गटात सुमारे 290 रुग्ण पुरतात. अनेक देशांनी मिळून हे करणे अशक्य नाही. आज मात्र उलटे होते. म्हातारे, दुसरे चार आजार असलेले, रुग्णालयातच संसर्ग झालेले, संमती द्यायच्या अवस्थेत नसलेले रुग्ण चाचणीच्या अटींतून गळतात. राहतो तो तुलनेने धडधाकट, जो बहुधा तसाही बरा झाला असता. नैतिकता समित्यांना माझी विनंती आहे, की दुर्बल रुग्णाला चाचणीबाहेर ठेवणे म्हणजे त्याचे रक्षण, असे समजू नका. चाचणीबाहेर त्याला तेच औषध मिळते, फक्त त्याचे काय झाले हे कुणी लिहून ठेवत नाही.

या गुणांकात एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. पाणी पुवासारखे नसेल तर गुण वाढतो, म्हणजे धोका जास्त. वॉर्डात घट्ट पू आला की सगळे दचकतात आणि नळी लगेच पडते. पाणी पिवळसर, थोडे गढूळ असले की 'उद्या पाहू' होते. त्या पाण्याचा पीएच 7.2 किंवा त्याहून कमी असेल तर नळी टाका, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. पीएच मोजायची सोय नसेल तर ग्लुकोज पाहा. पण नमुना बर्फावर, हवा न लागता, वेळेत पोहोचला तरच पीएचला अर्थ. संशय आल्यापासून नळी पडेपर्यंत किती तास गेले, हा रकाना तुमच्या प्रत्येक माहितीपत्रकात हवा. वाट पाहिल्याने किती बिघडते हे त्याशिवाय कळणार नाही.

आणि तिसरी सूचना. 1918 च्या आयोगाने पोषण म्हटले होते. शंभर वर्षांनी रॅपिड या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावातले शेवटचे अक्षर, 'डी', आहाराचेच आहे, अल्ब्युमिन लिटरमागे 27 ग्रॅमच्या खाली गेले की गुण वाढतो. पू झालेला रुग्ण रोज बाटलीत प्रथिने ओतत असतो, तापाने वाळतो, आणि ताटाला हात लावत नाही. आम्ही रोज ताटे परत जाताना पाहतो. मिस्टच्या तिन्ही चाचण्यांतल्या एकीनेही आहाराची चाचणी घेतली नाही. नियोजित, मोजलेला पोषक आहार पहिल्या दिवसापासून देऊन मृत्यू कमी होतात का, हा प्रश्न महागडा नाही, धोक्याचाही नाही. अल्ब्युमिन कमी असणे हे आजाराचे लक्षण असेल, कारण नसेल, असा आक्षेप मला माहीत आहे. तो खरा की खोटा हे चाचणीनेच ठरेल.

मोठी चाचणी सोपी ठेवता येते, हे 2020 साली जगाने पाहिले. कोविडच्या काळात ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने हजारो रुग्ण घेतले, माहितीपत्रक आटोपशीर ठेवले आणि मुख्य प्रश्न एकच विचारला, 28 दिवसांत रुग्ण जगला का? मार्चमध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीतून जूनमध्ये डेक्सामेथासोनचे उत्तर मिळाले. भरल्या वॉर्डांत, थकलेल्या कर्मचाऱ्यांच्या हातून ते काम झाले, कारण त्यांच्यावर कागदांचा डोंगर लादला नव्हता. छातीतल्या संसर्गाची साथ नाही म्हणून तेवढी निकड वाटत नसेल. पण पायलटचे आकडे पाहा, वर्षभरात पाचापैकी जवळपास एक.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. मुलांचे फुप्फुस पुन्हा चांगले फुलते आणि उपचार मिळाले तर मृत्यू क्वचित होतात. तिथे तुम्ही ऑपरेशन आणि छातीत सोडायचे औषध समोरासमोर ठेवून पाहिलेही आहे. 2006 सालच्या 60 मुलांच्या चाचणीत युरोकायनेज आणि दुर्बिणीचे ऑपरेशन यांत मुक्कामाचा फरक आला नाही. मोठ्यांसाठी हाच प्रश्न पुरेशा रुग्णांत अजून सुटायचा आहे.

तपासण्यांबद्दलही एकच सांगते, कारण ती आमच्या हातातली आहे. छातीतले पाणी नेहमीच्या निर्जंतुक बाटलीसोबत रक्ताच्या कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या, बाटलीतही खाटेपाशीच घातले, तर जंतू सापडण्याचे प्रमाण 38 टक्क्यांवरून 58 टक्क्यांवर जाते, असे 2011 सालच्या अभ्यासात दिसले. एक सुई, अर्धा मिनिट. जंतू सापडला तर अँटिबायोटिक नेमके देता येते आणि कदाचित कमी दिवस देता येते. किती दिवस द्यायचे याचाही पक्का पुरावा नाही. दोन आठवडे की तीन, हे पाहणारी स्पेनमधली चाचणी 55 रुग्णांवर थांबली. रुग्णाच्या दृष्टीने तो एक आठवडा हातातल्या सुईचा, उलट्यांचा, बिघडलेल्या पोटाचा असतो.

पुढच्या चाचणीच्या माहितीपत्रकात मला काय हवे ते स्पष्ट लिहिते. तीन महिन्यांनी आणि वर्षाने रुग्ण हयात आहे का. ऑपरेशन झाले का, आणि झाले नसेल तर ते टळले की रुग्णाला ते झेपणार नाही म्हणून केले नाही, हे वेगवेगळे. हा फरक आज एकाच आकड्यात मिसळतो आणि वाचणाऱ्याला वाटते औषध यशस्वी झाले. रोज सकाळी आणि प्रत्येक औषधानंतर वेदनेचा शून्य ते दहा आकडा, रुग्णाच्या तोंडून. नळी असताना रात्रीची झोप. घरी गेल्यावर जिना चढताना दम लागतो का, पूर्वीचे काम पुन्हा सुरू झाले का आणि कधी. शेवटचे दोन प्रश्न फोनवर विचारता येतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनही काढा, औषध कसे काम करते ते समजायला ते हवेतच. फक्त त्यांना निकालाच्या खुर्चीत बसवू नका.

आणि प्रोटोकॉल लिहायला बसाल तेव्हा पहिल्याच बैठकीला वॉर्डातली एक परिचारिका आणि ज्याच्या छातीत नळी होती असा एक रुग्ण बोलवा. मसुदा पक्का झाल्यावर सही घ्यायला नव्हे, मोजमाप ठरायच्या आधी. औषध सोडायच्या वेळा, नळी बंद ठेवायचे तास, वेदनाशामक कधी द्यायचे, माहितीपत्रक कोण भरणार, यांतले प्रत्येक कलम आम्हाला पाळायचे असते आणि त्यांना सोसायचे असते. अशा बैठकीला बोलावणे आले तर मी रात्रपाळी बदलून घेऊन येईन, आणि येताना वेदनेचे तक्ते घेऊन येईन.

आपली,
छातीरोग विभागातील एक परिचारिका